लाभांश घरात आणावा की पुन्हा धंद्यात घालावा?

कापडाच्या दुकानात नफ्याला दोन वाटा असतात. वर्षाचा हिशेब झाला, उधारी वसूल झाली, माल देणाऱ्यांचे देणे भागले की जे उरते ते एक तर घरी जाते किंवा पुन्हा मालात जाते. ज्याने नवे दुकान टाकले आहे तो शहाणा असेल तर पहिली काही वर्षे घरी खर्चापुरतेच नेतो. बाकी पैशाचे ताके येतात. पुढच्या सीझनला मांडणीवर शंभराऐवजी सव्वाशे ताके असतात आणि नफा सव्वाशे ताक्यांवर होतो. ही गोष्ट आपल्या बाजारात कोणाला शिकवावी लागत नाही. गंमत अशी की हाच माणूस शेअर घेतो तेव्हा मात्र हे सगळे विसरतो. लाभांश, म्हणजे ज्याला आपण सर्रास डिव्हिडंड म्हणतो, तो खात्यात जमा झाल्याचा निरोप मोबाईलवर आला की त्याला वाटते, ही वरकमाई आली. मग ती वरकमाईसारखीच खर्च होते.

लाभांश रोख घ्यावा की त्याचे पुन्हा शेअर घ्यावेत, हा प्रश्न अनेक जण विचारतात. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते शेअरवर कमी आणि शेअर धरणाऱ्याच्या घरच्या परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे. पण त्यामागचे गणित सर्वांना सारखेच आहे. ते आधी पाहू.

लाभांश ही वरकमाई नव्हे

कंपनीने लाभांश दिला म्हणजे तिच्या तिजोरीतून तेवढी रोकड बाहेर गेली. तेवढ्याने कंपनीची किंमत कमी झाली. म्हणून ज्या दिवशी शेअर 'एक्स-डिव्हिडंड' होतो, त्या दिवशी त्याचा भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो. बाजाराच्या इतर चढउतारात हे दर वेळी डोळ्यांना दिसत नाही, पण घडते हेच. ५०० रुपयांच्या शेअरवर १० रुपये लाभांश मिळाला तर आपल्याकडे आता ४९० रुपयांचा शेअर आणि १० रुपये रोख आहेत. एका खिशातले दुसऱ्या खिशात आले. काही लोक लाभांश मिळावा म्हणून आदल्या दिवशी धावत शेअर घेतात. त्यांना यातून काहीच मिळत नाही, उलट त्या लाभांशावरचा कर मात्र अंगावर येतो.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. कंपनीने '५०० टक्के लाभांश' जाहीर केला अशी बातमी येते आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. हे टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवर असतात. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर ५०० टक्के म्हणजे ५ रुपये. शेअरचा बाजारभाव १,००० रुपये असेल तर आपल्या पैशावर मिळाला अर्धा टक्का. आपल्याला कामाचा आकडा हा दुसरा आहे, म्हणजे बाजारभावाशी लाभांशाचे प्रमाण. निफ्टीतील ५० मोठ्या कंपन्यांचे हे सरासरी प्रमाण गेल्या काही वर्षांत एक-दीड टक्क्याच्या आसपास राहिले आहे. काही कंपन्या याच्या कितीतरी पट देतात, काही अजिबात देत नाहीत.

जी कंपनी लाभांश देत नाही ती वाईट, असेही नाही. तिने पैसा आत ठेवून नवे यंत्र घेतले आणि त्यावर चांगला नफा काढला, तर आपले पुन्हा गुंतवण्याचे काम तिनेच केले. फक्त ते काम तिने नीट केले की नाही, हे पाहण्याचे काम आपले.

एक लाखाचे गणित

समजा दोन भावांनी एकाच दिवशी एकाच कंपनीचे १०० रुपये भावाचे १,००० शेअर घेतले. प्रत्येकाचा एक लाख रुपये गेला. भाव दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो आणि वर्षाच्या सुरुवातीच्या भावावर ३ टक्के लाभांश वर्षअखेरीस मिळतो असे धरू. प्रत्यक्षात इतके सरळ काही चालत नाही, पण समजण्यासाठी बरे. कर सध्या बाजूला ठेवू.

थोरला भाऊ लाभांश घरी आणतो. धाकटा त्याच दिवशी त्याच कंपनीचे शेअर घेतो.

दहा वर्षांनंतर पाहा. थोरल्याचे शेअर २ लाख १६ हजारांचे झाले आणि दहा वर्षांत त्याने सुमारे ४३ हजार लाभांश घेतला. एकूण २ लाख ५९ हजार. धाकट्याकडे २ लाख ८४ हजार. फरक २५ हजारांचा. थोरला म्हणेल, एवढ्यासाठी दहा वर्षे हात आखडून बसायचे? त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. दहा वर्षांत हा फरक डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच बहुतेक लोक मध्येच सोडून देतात.

आता पंचवीस वर्षांनंतर पाहा. थोरल्याचे शेअर ६ लाख ८५ हजारांचे, घेतलेला लाभांश २ लाख १९ हजार, मिळून ९ लाख ४ हजार. धाकट्याकडे १३ लाख ५८ हजार. फरक साडेचार लाखांचा, म्हणजे सुरुवातीच्या मुद्दलाच्या साडेचार पट.

माझ्या मते यातला खरा आकडा रुपयांचा नाही, शेअरच्या संख्येचा आहे. पंचवीस वर्षांनी थोरल्याकडे तेच १,००० शेअर आहेत. धाकट्याकडे सुमारे १,९८४ आहेत. खिशातून आणखी एक रुपया न घालता ते जवळजवळ दुप्पट झाले. सव्विसाव्या वर्षी दोघांनीही लाभांश घरी आणायचे ठरवले तर थोरल्याला मिळतील २० हजार ५०० रुपये आणि धाकट्याला ४० हजार ७५० रुपये. धाकट्याने पंचवीस वर्षे पगार न घेता दुसरे दुकान उभे केले, असे समजा.

भाव पडतो तेव्हा

लाभांश पुन्हा गुंतवणाऱ्याला भाव पडला की फायदा होतो, हे नवीन माणसाला पटत नाही. पण आपल्या धंद्यात ते रोजचे आहे. मंदीत ग्रे कापड स्वस्त मिळते. हातात रोकड असलेला त्या वेळी भरून घेतो, आणि तेजी आली की त्याच मालावर कमावतो. ३,००० रुपयांच्या लाभांशात १०० च्या भावाने ३० शेअर येतात, ६० च्या भावाने ५०. कंपनी धडधाकट असेल, लाभांश चालू असेल आणि भाव फक्त बाजाराच्या भीतीने पडला असेल, तर हे जादा २० शेअर पुढची सगळी वर्षे कमावत राहतात.

याचा फार बोलका दाखला अमेरिकेतला आहे. व्हार्टन स्कूलचे प्राध्यापक जेरेमी सीगल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फ्यूचर फॉर इन्व्हेस्टर्स' या पुस्तकात १९५० ते २००३ या काळासाठी दोन कंपन्यांची तुलना केली. एक आयबीएम, संगणकाची. दुसरी स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी, म्हणजे आजची एक्सॉनमोबिल, तेलाची. १९५० साली कोणी येऊन सांगितले असते की पुढची पन्नास वर्षे संगणकाची आहेत, तर कोणीही डोळे मिटून आयबीएम घेतली असती. आणि धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच ठरले असते. विक्री, नफा, वाढ या सर्वांत आयबीएम पुढे राहिली. तिच्या शेअरचा भाव वर्षाला सरासरी ११.४१ टक्क्यांनी वाढला, स्टँडर्ड ऑइलचा ८.७७ टक्क्यांनी.

तरीही लाभांश पुन्हा गुंतवणाऱ्याला जास्त पैसे तेल कंपनीने दिले. स्टँडर्ड ऑइलमधील १,००० डॉलरचे १२ लाख ६० हजार डॉलर झाले, आयबीएममधील १,००० डॉलरचे ९ लाख ६१ हजार. वर्षाला १४.४२ टक्के विरुद्ध १३.८३ टक्के.

असे का झाले? आयबीएमकडून लोकांना फार मोठी अपेक्षा होती, म्हणून तिचा शेअर कायम महाग राहिला. तिचे लाभांशाचे सरासरी प्रमाण होते २.१८ टक्के. तेल कंपनीकडे कोणी कौतुकाने पाहत नव्हते, तिचा शेअर स्वस्त राहिला आणि लाभांशाचे प्रमाण ५.१९ टक्के पडले. दरवर्षी जास्त लाभांश, आणि त्या लाभांशात स्वस्त भावाने जास्त शेअर. त्रेपन्न वर्षांत स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकाचे शेअर पंधरा पटीहून जास्त झाले, आयबीएमच्या भागधारकाचे तीन पट. कंपनी चांगली असणे एक आणि ती कोणत्या भावाने मिळते हे दुसरे. कापड कितीही उंची असो, चढ्या भावाने भरले तर नफा विणकर नेतो.

मात्र ही तुलना पाठ करून कोणी डोळे मिटून जास्त लाभांशाचे शेअर शोधू नयेत. याच तुलनेत स्टँडर्ड ऑइलच्या जागी बुडणारी कंपनी असती तर पंधरा पट कागद हातात राहिले असते. त्याकडे पुढे येतो. आणि हे आकडे कर व दलाली न धरता काढलेले आहेत.

आपल्याकडे हे आपोआप होत नाही

अमेरिकेत अनेक कंपन्या आणि दलाल लाभांशाचे परस्पर शेअर घेऊन देतात, अगदी शेअरचा अपूर्णांकही. आपल्याकडे ती सोय नाही. लाभांश बँक खात्यात रोखच येतो आणि शेअर पूर्णच घ्यावा लागतो, पाव-अर्धा मिळत नाही. म्हणजे भारतात प्रत्येक भागधारक लाभांश आधी रोखच घेतो. पुन्हा गुंतवायचा की नाही, हे त्याने दर वेळी स्वतः उठून ठरवायचे.

नुकसान इथेच होते. 'रोख घेणे' आणि 'पुन्हा गुंतवणे' या दोन रस्त्यांशिवाय एक तिसरा रस्ता आहे, आणि बहुतेक लोक नकळत त्याच रस्त्याने जातात. लाभांश रोख आला, त्याचे काम ठरलेले नव्हते, तो चालू खात्यात पडला आणि तिथून कुठे गेला ते कळलेच नाही. घरखर्चाला त्याने हातभार लागला नाही आणि शेअरही वाढले नाहीत.

माझे स्वतःचेच सांगतो. नव्वदच्या दशकात वडिलांच्या नावावर काही कंपन्यांचे शेअर होते. लाभांशाचे वॉरंट टपालाने यायचे. कधी १८० रुपये, कधी ६४० रुपये. मी ते दुकानाच्या खात्यात भरत असे. पुढे कधीतरी हिशेब काढायला बसलो तेव्हा एवढ्या वर्षांच्या लाभांशाचे काय झाले, याचे उत्तर खातेवहीत नव्हते. उधारीच्या ओढाताणीत तो जिरून गेला होता. त्यातली काही वॉरंटे तर बँकेत गेलीच नव्हती, पेटीत तशीच राहिली. त्याची किंमत आम्ही नंतर मोजली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. डिमॅट खात्याला जोडलेले बँक खाते दुकानाच्या आणि घराच्या खात्यापासून वेगळे ठेवा. सगळा लाभांश तिथे साठू द्या. १८० रुपयांत काही घेता येत नाही आणि दलालीही परवडत नाही, म्हणून वर्षातून एक-दोनदाच खरेदी करा. आपल्याकडील बऱ्याच कंपन्यांचा अंतिम लाभांश वार्षिक सभेच्या सुमारास, जून ते सप्टेंबर या काळात येतो. ऑक्टोबरात बसून जे जमले त्याची खरेदी करता येते. तारीख ठरवून ठेवली की भाव आज चढा आहे, उद्या उतरेल, या घोळात वर्ष जात नाही.

खरेदी त्याच कंपनीची केली पाहिजे असेही नाही. दहा कंपन्यांचा लाभांश एकत्र करून त्यातल्या ज्या चांगल्या कंपनीचा भाव त्या वेळी रास्त आहे, तिचे शेअर घ्यावेत. आपोआप होत नाही याचा हा एक फायदा म्हणा.

कराची कात्री

हिशेब बदलतो तो इथे. १९९७ साली लाभांश वितरण कर आला तेव्हापासून, २००२-०३ हे वर्ष सोडले तर, कर कंपनी भरत होती आणि लाभांश आपल्या हातात बहुतांशी करमुक्त येत होता. १ एप्रिल २०२० पासून हे उलटे झाले. आता कंपनी कर भरत नाही. लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवला जातो आणि आपल्या टप्प्याच्या दराने कर लागतो. रोख घ्या की पुन्हा गुंतवा, कर दोन्हीकडे सारखाच. 'मी तर पैसे घरी नेलेच नाहीत' हे म्हणणे प्राप्तिकर खात्यात चालत नाही.

धाकट्या भावाचे गणित पुन्हा घ्या. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकर धरून ३१.२ टक्के कर जातो. ३ टक्के लाभांशातले २.०६ टक्केच पुन्हा गुंतवायला उरतात. पंचवीस वर्षांनंतर १३ लाख ५८ हजारांऐवजी सुमारे ११ लाख होतात. अडीच लाखांहून जास्त फरक नुसत्या कराने पडला.

याउलट शेअरचा भाव वाढला तर विकेपर्यंत कर नाही. आणि वर्षाहून जास्त काळ धरलेला शेअर विकल्यास २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा, त्यावर १२.५ टक्के. म्हणून वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्या, लाभांशाची गरज नसलेल्या माणसाने भरपूर लाभांश देणाऱ्या कंपन्यांमागे लागण्यात अर्थ नाही. नफा आत ठेवून धंदा वाढवणारी कंपनी त्याला जास्त सोयीची.

पण लहान उत्पन्नवाल्याला ही कात्री तितकी लागत नाही. २०२५-२६ पासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि लाभांश त्यात बसतो. शेअर विकून झालेला नफा मात्र या सवलतीत बसत नाही. एका कंपनीकडून वर्षाला १० हजारांपेक्षा जास्त लाभांश आला तर कंपनी १० टक्के कापून देते. ही मर्यादा मार्च २०२५ पर्यंत ५ हजार होती. पॅन नोंदलेला नसेल तर २० टक्के कापतात. ज्यांचा कर शून्य आहे त्यांनी विवरणपत्र भरून ही कपात परत घ्यावी. 'एवढ्याशासाठी कोण भरणार' म्हणून सोडणारे खूप आहेत.

आणि एक नोंद ठेवायची. पुन्हा गुंतवलेल्या प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव वेगळा असतो. विकताना नफा त्यावरून निघतो.

म्युच्युअल फंडात

फंडाच्या अर्जावर एक रकाना असतो आणि बहुतेक लोक एजंट सांगेल तिथे खूण करतात. ग्रोथ पर्यायात फंड मिळालेला लाभांश आतच ठेवतो, तुमच्या युनिटचा भाव वाढतो आणि विकेपर्यंत तुम्हाला कर नाही. कराची कात्री न लागता पुन्हा गुंतवणूक होण्याचा आपल्याकडे हाच सरळ रस्ता आहे. दुसरा पर्याय पूर्वी 'डिव्हिडंड' नावाने विकला जायचा. त्या नावाने लोकांची फसगत होते हे पाहून सेबीने १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नाव बदलायला लावले. आता त्याला 'उत्पन्न वाटप तथा भांडवल काढून घेणे' अशा अर्थाचे लांबलचक नाव आहे आणि अर्जावर आयडीसीडब्ल्यू लिहिलेले असते. नाव बोजड असले तरी खरे आहे. त्यात तुमचेच मुद्दल तुम्हाला परत मिळत असू शकते. या पर्यायात पुन्हा गुंतवण्याची सोय घेतली तर हातात दमडी न येता कर मात्र लागतो. लांब मुदतीसाठी ती खूण कशासाठी करावी, हे मला समजलेले नाही.

फंडाची तुलना करताना एक सोय झाली आहे. फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना आपली कामगिरी लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी दाखवावी लागते. त्याआधी लाभांश सोडून काढलेल्या आकड्याशी तुलना करून फंड आपली पाठ थोपटून घेत असत.

रोख कोणी घ्यावी

आता थोरल्या भावाची बाजू. त्याचे वय ६२ असेल, दुकान मुलाकडे दिले असेल आणि पेन्शन नसेल, तर त्याने लाभांश घरी आणलाच पाहिजे. त्याला पंचवीस वर्षांनंतरच्या शेअरच्या संख्येचे काय करायचे? व्यापाऱ्याला पेन्शन नसते. मुलाच्या हाताकडे न पाहता औषधाचा आणि किराण्याचा खर्च भागणे, याची किंमत कोणत्याही कोष्टकात येत नाही. शेअर न विकता पैसे येतात हे अशा माणसाला मोठे समाधान असते. विधवा बहिणीच्या नावाने शेअर ठेवले असतील तर तिलाही हेच लागू.

पण आकडा आधी मांडून पाहावा. २० लाखांच्या शेअरवर ३ टक्क्यांनी वर्षाला ६० हजार, महिन्याला ५ हजार येतात. निफ्टीच्या सरासरी प्रमाणाने पाहिले तर निम्मेही नाहीत. घर चालवायला हे पुरणार नाही, जोड म्हणून चालेल. आणि लाभांश हा पगार नव्हे. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना त्या वर्षाचा लाभांश देण्यास मनाई केली होती. इतर कंपन्यांनीही टाळेबंदीच्या काळात हात आखडला. ज्याचा महिन्याचा खर्च लाभांशावर आहे त्याने वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच त्यावर विसंबावे.

कर्ज असलेल्याचे काय, हा प्रश्नही येतो. कापडवाल्याची उधारी थकलेली असेल, सुताचे बिल चढलेले असेल, तर लाभांश आधी तिकडे जावा. बाजारातली पत गेली तर शेअरचे गणित कोणाच्या कामाला येत नाही.

मधल्या वयाच्या माणसाला अर्धे-अर्धे चालते. ३५ वर्षांच्या माणसाने, ज्याचे दुकान चालते आहे आणि मुले लहान आहेत, सगळा लाभांश पुन्हा गुंतवावा. मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण तीन-चार वर्षांवर आले की नवी खरेदी थांबवावी आणि लाभांश जमा करू लागावे. तेवढ्या थोड्या काळासाठी शेअर घेणे म्हणजे जुगाराच्या जवळ जाणे.

जिथे पुन्हा घालू नये

काही कंपन्यांत लाभांश पुन्हा घालणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे. जनरल मोटर्स अनेक दशके लाभांश देणारी कंपनी होती. भाव घसरत गेला तसे लाभांशाचे प्रमाण वाढलेले दिसू लागले. जुलै २००८ मध्ये तिने लाभांश थांबवला आणि १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. जुन्या भागधारकांच्या हाती काही लागले नाही. घसरत्या भावात निष्ठेने जास्त शेअर घेणाऱ्याचे नुकसान सर्वांत मोठे. वर मी म्हटले की भाव पडला की फायदा; तो कंपनी जगली तरच.

आपल्याकडची आठवण युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ ची. १९६४ पासूनची ही योजना घराघरांत होती, तिचे सुमारे २ कोटी युनिटधारक होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यात १० रुपयांच्या युनिटवर २० टक्के आणि त्याहून जास्त लाभांश मिळत होता. लोक तो नेमाने पुन्हा त्यातच घालत. युनिटमागे खरोखर किती मालमत्ता आहे, हे योजना सांगत नव्हती. लाभांश कमाईतून येतो की पुंजीतून, हे कोणी विचारलेही नाही. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद केली. तेव्हा कळले की युनिटमागची मालमत्ता लोकांनी मोजलेल्या किमतीपेक्षा कमी होती. सरकारला मदतीला यावे लागले.

म्हणून पुन्हा घालण्याआधी वार्षिक अहवालातील दोन आकडे शेजारी ठेवावेत: धंद्यातून आलेली रोकड आणि वाटलेला लाभांश. दोन-तीन वर्षे वाटप कमाईपेक्षा जास्त दिसले, किंवा कर्ज काढून लाभांश दिलेला दिसला, तर त्या कंपनीचा लाभांश घ्यावा आणि दुसरीकडे न्यावा.

आपल्या वाचकांपैकी बरेच जण आणखी एक हिशेब करतात. कंपनीच्या उत्पन्नात व्याजाचा जो हिस्सा असतो तो लाभांशातून वेगळा काढून देणे. त्यांनी तो आधी बाजूला काढावा आणि उरलेलेच पुन्हा गुंतवावे. एकदा शेअर घेतले की मागचा आकडा शोधणे अवघड जाते. ग्रोथ पर्यायात लाभांश हातात येत नाही, तेव्हा तिथे हा हिशेब कसा करावा आणि लांब मुदतीच्या शेअरवर जकात कशी काढावी, हे जाणत्या मुफ्तींना विचारावे. त्यासाठी लागणारी खरेदीची तारीख, भाव आणि लाभांशाची नोंद आपल्याकडे असली म्हणजे झाले.

पेटीतली वॉरंटे

रोख घेणारा आणि पुन्हा गुंतवणारा, दोघांचेही ज्यात नुकसान होते ते शेवटी सांगतो. न वटवलेला लाभांश सात वर्षे तसाच पडून राहिला तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ती रक्कम 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी' या सरकारी निधीत जाते. इतकेच नव्हे, सलग सात वर्षे ज्या शेअरचा लाभांश कोणी घेतला नाही ते शेअरही तिकडेच जातात. जुने कागदी शेअर ज्यांच्या घरी आहेत त्यांनी याकडे लक्ष द्यावे, कारण १ एप्रिल २०२४ पासून पॅन, बँक खाते आणि बाकीचे तपशील नोंदलेले नसतील तर कागदी शेअरचा लाभांश दिलाच जात नाही, अडवून ठेवला जातो. नोंद केली की तो थेट खात्यात येतो. निधीत गेलेले शेअर आणि रक्कम परत मागता येते. त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि त्याचे कागद कंपनीकडे पाठवावे लागतात. मूळ धारक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे लागतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असले, जे आपल्या नावांत हमखास असते, तर प्रतिज्ञापत्रही लागते. वडिलांच्या पेटीतील दोन फोलिओंचे आमचे काम अजून चालू आहे.